फणी की मशीन? लांब केसांच्या मांजराची निगा

मार्च संपत आला की मुंबई-पुण्यातल्या प्राण्यांच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. पर्शियन मांजर बास्केटमध्ये घालून आणलेलं असतं, लस टोचून झालेली असते आणि निघता निघता मालकीणबाई विचारतात, "डॉक्टर, उन्हाळा आलाय, हिला पूर्ण भादरून टाकू का? बिचारीला किती उकडत असेल!" विचारण्यामागे निखळ माया असते. आपण पंख्याखाली घामाघूम बसलेलो असताना समोरचं मांजर बोटभर लांब केस अंगावर वागवताना दिसलं, की कोणालाही तसंच वाटेल. पण बहुतेक घरांसाठी या प्रश्नाचं उत्तर "नको" असंच आहे. ते का, हे समजून घेतलं की फणी कशी फिरवायची, मशीन कधी लावायचं आणि कात्रीला हात का लावायचा नाही, हेही ओघानेच कळतं.

मांजराच्या अंगावरचे सगळे केस एका जातीचे नसतात. सर्वांत वर लांब, सरळ, जरा राठ केस असतात. ते धूळ आणि पाणी कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. त्यांच्याखाली मधल्या लांबीचे केस आणि अगदी कातडीलगत अतिशय बारीक, नागमोडी, मऊ लव. त्वचेच्या एकाच छिद्रातून एक मोठा केस आणि त्याच्याभोवती बारीक केसांचा झुबका बाहेर येतो. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढायचा थांबतो आणि शेवटी गळतो. वाढ थांबवण्याचा निरोप केसाच्या मुळाला पोचवणाऱ्या प्रथिनाला 'एफजीएफ-5' म्हणतात. लांब केसांच्या मांजरांत या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेला असतो, हे 2007 साली दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवून दिलं. निरोप नीट पोचत नाही, म्हणून केस जास्त दिवस वाढत राहतो. हा बदल आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लाचे केस लांब होतात. एकाकडूनच आला तर तो दडून राहतो. गल्लीतल्या आखूड केसांच्या भाटीला कधी कधी झुपकेदार शेपटीचं पिल्लू होतं, ते यामुळेच. अशा पिल्लाला लगेच 'पर्शियन मिक्स' म्हणून मोकळं होण्याचं कारण नाही.

निरोप उशिरा पोचला तरी मांजराचा केस केव्हातरी थांबतो, आणि इथेच मांजर आणि मेंढी यांत मोठा फरक आहे. आपल्याकडचे धनगर दख्खनी मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, कारण ती आपोआप झडून जात नाही. मांजराचा केस मात्र ठरावीक लांबी गाठून गळतो आणि त्याच्या जागी नवा येतो. म्हणजे मांजराला मुळात कातरण्याची गरज नसते. गरज असते ती गळालेला केस अंगावरून दूर करण्याची. रानातल्या मांजरांत केस गळण्याचा हंगाम दिवसाच्या लांबीवर ठरतो. फ्लॅटमध्ये रात्री अकरापर्यंत दिवे चालू असतात, त्यामुळे घरातलं मांजर जवळजवळ बारा महिने थोडं थोडं गळत राहतं. सोफ्यावर, काळ्या पँटवर आणि कपाटाखाली जमणारे केस म्हणजे फक्त सुटून खाली पडलेले केस. बाकीचे अजून अंगावरच अडकलेले असतात.

लांब केसांची ही मांजरं माणसाला फार पूर्वीपासून भुरळ घालत आली आहेत. पिएत्रो देल्ला वाल्ले या रोमच्या प्रवाशाने 1620 साली इस्फहानहून लिहिलेल्या पत्रात खुरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरांचं कौतुकाने वर्णन केलं आहे. हाच गृहस्थ पुढे 1623-24 मध्ये सुरत आणि गोव्यातही येऊन गेला. युरोपात अशा मांजरांना 'पर्शियन' हे नाव चिकटलं, आणि 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं त्यानंतर तर निवडून निवडून पैदास करण्याला जोर चढला. केस आणखी लांब, लव आणखी दाट, चेहरा आणखी चपटा. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात आजची पर्शियन मांजरं इराणच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांना अधिक जवळची निघाली. आज अंधेरीत किंवा कोथरूडमध्ये पर्शियन म्हणून विकलं जातं ते मांजर गेल्या दीडशे वर्षांत माणसाने आपल्या आवडीप्रमाणे घडवलेलं आहे. त्या घडवण्यात मांजराच्या सोयीचा विचार फारसा झाला नाही, आणि त्याची किंमत रोजच्या रोज मांजरच मोजतं.

ती कशी, ते मांजराच्या जिभेकडे पाहिल्यावर कळतं. मांजराने हात चाटला की जीभ खरखरीत लागते, कारण तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले बारीक, टणक काटे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या अ‍ॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी 2018 साली या काट्यांचा बारकाईने अभ्यास केला. काटे भरीव नसून त्यांच्या टोकाशी पन्हळीसारखी खाच असते, असं त्यांना आढळलं. त्या खाचेत लाळ आपोआप ओढली जाते आणि चाटताना थेट केसांच्या मुळाशी, कातडीवर सोडली जाते. म्हणजे मांजर स्वतःला विंचरतं, धुतं आणि गारही करतं, सगळं एकाच वेळी. जागेपणीचा जवळपास चौथा हिस्सा वेळ ते या कामात घालवतं. पाळीव मांजरापासून सिंह-वाघांपर्यंत मार्जारकुळातल्या सहा प्रजातींच्या जिभा या संशोधकांनी तपासल्या. काट्याची लांबी आणि दाबल्यावर उरणारी केसांची जाडी यांचं गणित सगळीकडे जुळलं. अपवाद निघाला तो लांब केसांच्या पर्शियनचा. तिचे केस इतके दाट आणि लांब की जिभेचा काटा कातडीपर्यंत पोचूच शकत नाही. त्यात चपट्या चेहऱ्याच्या मांजरांचे जबडे पुष्कळदा नीट जुळत नाहीत, त्यामुळे चाटण्याचं काम आणखी अवघड होतं.

"मांजर स्वच्छ प्राणी आहे, ते स्वतःचं स्वतः बघतं" हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेलं वाक्य देशी, आखूड केसांच्या मांजरासाठी अगदी खरं आहे. पर्शियनसाठी ते लागू नाही. तिची जीभ जिथे थांबते तिथून पुढचं काम माणसाच्या हाताने करायचं आहे, आणि पर्शियन घरात आणली त्या दिवशीच आपण ते पत्करलेलं असतं.

ते काम झालं नाही तर काय होतं? गळालेली लव बाहेर पडायला वाट मिळत नाही म्हणून वरच्या लांब केसांत अडकते. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. घासल्यावर ते एकमेकांत गुंततात. लोकर ओली करून, चोळून चोळून नमदा बनवतात तीच क्रिया इथे मांजराच्या अंगावर घडते. जिथे घासणं आणि ओल जास्त, तिथे जट आधी धरते: कानामागे, गळपट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, पोटावर, जांघेत आणि मागच्या पायांवरच्या लांब झालरीत. सुरुवातीला ती हरभऱ्याएवढी असते आणि बोटांना नुसती लागते, डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांत शेजारच्या गाठी एकत्र येतात आणि कातडीला चिकटून एक जाड पापुद्रा तयार होतो. मांजर पाय उचलतं, वळतं, उडी मारतं तेव्हा प्रत्येक हालचालीला तो पापुद्रा कातडी ओढतो. काखेतली जट तर पुढचा पाय पूर्ण लांबवूच देत नाही. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. फक्त उड्या कमी करतं, पोटाला हात लावला की फिस्कारतं. आणि घरातले म्हणतात, "हल्ली ही फार चिडचिडी झाली आहे."

जटेखाली हवा लागत नाही. कातडी लाल होते, ओलसर राहते, तिथे जंतुसंसर्ग होतो. पिसवांना लपायला याहून चांगली जागा नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की अंग धुतल्यावर आतली लव तासन्‌तास वाळत नाही. शेपटीखालच्या गुंत्यात विष्ठा अडकून राहिली आणि तिच्यावर माशी बसली तर अळ्या पडायलाही फार वेळ लागत नाही. हे वाचायला किळसवाणं वाटेल, पण पावसाळ्यात जनावरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या कोणालाही विचारा. त्यांना हे नवीन नाही.

आता उन्हाळ्याकडे वळू. भादरण्याची कल्पना माणसाच्या अनुभवातून येते. आपल्या सगळ्या अंगाला घाम येतो आणि तो वाळताना अंग गार होतं, म्हणून कपडे कमी केले की आपल्याला बरं वाटतं. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग गार करायला ते लाळ लावतं, गार फरशीवर पोट टेकून पडतं, हालचाल कमी करतं, सावली शोधतं. अंगावरचे विंचरलेले, मोकळे केस आपल्यात हवा धरून ठेवतात आणि बाहेरचं ऊन थेट कातडीवर येऊ देत नाहीत. मांजराचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर, कोरड्या, तापणाऱ्या प्रदेशातला. शरीराला गरम किंवा गार राहण्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही असा मांजराचा तापमानाचा पट्टा साधारण 30 ते 38 अंश सेल्सिअस मानला जातो. आपण एसी लावतो तेव्हा घरातलं मांजर खिडकीत जाऊन उन्हाच्या तिरिपेत झोपतं, ते उगाच नाही.

पर्शियनला उन्हाळा बाधतो हे मात्र खरंच आहे. फक्त त्याचं मोठं कारण केसांपेक्षा नाकात आहे. चपट्या चेहऱ्यामुळे नाकपुड्या अरुंद आणि श्वासाची वाट आखूड, वेडीवाकडी झालेली असते. फारच तापल्यावर मांजर तोंड उघडून धापा टाकतं, पण या मांजरांना तेही नीट जमत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा अंगावरचे केस काढले तरी नाक तेवढंच अरुंद राहणार आहे. त्यांच्यासाठी करायचं ते वेगळं: दुपारी खोली थंड ठेवणं, पडदे ओढणं, घरात तीन-चार ठिकाणी पाण्याची पसरट भांडी ठेवणं, गार फरशीची जागा मोकळी ठेवणं, केसांवरून ओला हात फिरवून मग पंखा लावणं. नुसत्या पंख्याने आपला घाम वाळतो. मांजराच्या अंगावर घामच नसल्याने त्याला पंख्याचा उपयोग आपल्याइतका होत नाही. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, लाळ गाळत असेल, जीभ लालभडक झाली असेल किंवा ते झोकांड्या खात असेल तर त्याला उष्माघात झाला आहे असं समजा. साध्या पाण्याने अंग ओलं करा, बर्फ लावू नका, आणि करता करताच दवाखाना गाठा.

सरसकट भादरण्याने काय गमावतो, तेही पाहायला हवं. मांजराची कातडी जागेनुसार 0.4 ते 2 मिलिमीटर एवढीच जाड असते आणि ती अंगावर सैल असते. चिमटीत धरली की सहज वर येते. मशीनचं पातं काही मिनिटांत तापतं आणि पोटाच्या, जांघेच्या नाजूक कातडीला चटका बसतो. तो लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी तिथे लालसर डाग उमटतो आणि मांजर तो चाटून चाटून चिघळवतं. अंगावरचं छत्र गेल्यावर गॅलरीत झोपणाऱ्या पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या मांजराची कातडी उन्हाने भाजते. पांढऱ्या मांजरांच्या कानांच्या टोकांना आणि नाकाला वर्षानुवर्षांच्या उन्हाने कर्करोग होतो हे पशुवैद्यांना चांगलं ठाऊक आहे. मग सगळीच कातडी उघडी करण्यात काय शहाणपण? गेलेले लांब केस पूर्ववत यायला पाच-सहा महिने तरी लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे एप्रिलमध्ये भादरलेलं मांजर पावसाळा आणि त्यातले डास अर्धवट केसांवर काढतं.

हिमालयन जातीच्या मांजरांत आणखी एक गंमतशीर गोष्ट घडते. पर्शियन आणि सयामी यांच्या संकरातून आलेल्या या मांजराचं अंग फिकं आणि चेहरा, कान, पाय, शेपूट गडद असते. रंग तयार करणारं त्यांच्यातलं विकर फक्त थोड्या गार जागी काम करतं. कान आणि पाय धडापेक्षा गार, म्हणून तिथे रंग गडद. ही गोष्ट रशियन संशोधकांनी सयामी मांजरावर प्रयोग करून दाखवली आणि 1930 साली प्रसिद्धही केली. अशा मांजराची पाठ भादरली की तिथली कातडी गार पडते आणि नवे केस गडद उगवतात. भादरल्यावर मांजराच्या पाठीवर काळपट ठिगळ आलं म्हणून लोक घाबरून जातात. तो रोग नाही. ते केस गळून पुढचे आले की रंग पुन्हा पहिल्यासारखा होतो.

आणि नायटा. पर्शियन मांजरांत मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीचा नायटा वारंवार आढळतो, आणि तो माणसाला, विशेषतः लहान मुलांना, सहज लागतो. नीट निर्जंतुक न केलेलं मशीन किंवा ब्रश एका मांजरावरून दुसऱ्यावर फिरला तर बुरशीही त्याच्याबरोबर फिरते. बाहेर ग्रूमिंगला नेत असाल तर दोन मांजरांच्या मध्ये पातं आणि ब्रश कसे साफ करतात, हे विचारायला संकोच करू नका. शक्य असेल तर आपली फणी घेऊन जा.

थोडक्यात, रोजची गरज आहे फणीची. त्यासाठी सामान फार लागत नाही: स्टीलची, गोल टोकांच्या दातांची, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला जरा बारीक दात असलेली फणी, चेहऱ्याभोवती आणि पिसवा पाहायला बारीक दातांची छोटी फणी. बाजारात मिळणारा मऊ ब्रश वरचे केस चमकवतो पण लवेपर्यंत पोचत नाही. ब्रश रोज फिरवूनही जटा झाल्या, अशी तक्रार यामुळेच येते. आतल्या पात्याने लव खरवडून काढणारी महागडी अवजारंही मिळतात; जोर जरा जास्त झाला तर ती चांगले केस तोडतात आणि कातडी ओरखडतात, म्हणून नवख्याने त्यांच्या नादी लागू नये.

फणी फिरवण्याची रीत शिकून घ्यावी लागते. मांजर पेंगत असेल अशी वेळ निवडा, जेवणानंतरची दुपार उत्तम. आधी त्याला आवडतं तिथून सुरुवात करा: गाल, हनुवटी, मान. मग एका हाताने केस उलट्या दिशेने वर उचलून धरा म्हणजे कातडीची पांढरट रेघ दिसेल, आणि दुसऱ्या हाताने त्या रेघेपासून टोकापर्यंत, थोडे थोडे केस खाली सोडत फणी ओढा. रेघ दिसली नाही तर फणी मुळाशी पोचत नाही असं समजा. पाठ झाली की कुशी, मग शेपटीचं बूड, आणि काख व जांघ शेवटी. पोटासाठी मांजराला उताणं पाडण्याचा हट्ट नको. त्याला मांडीवर कुशीवर झोपवून एक पाय अलगद वर धरला तरी पोट विंचरता येतं. त्याने शेपूट आपटायला सुरुवात केली की तिथेच थांबा, आवडीचा खाऊ द्या, उरलेलं उद्या. दहा मिनिटं रोज, यापेक्षा जास्त लागत नाही. रविवारी एकदम तासभर बसून सगळं उरकायचं ठरवलं तर मांजरही चिडतं आणि आपलाही हात ओरबाडला जातो. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असल्यापासून फणीची सवय लावली तर पुढे ते स्वतःहून मांडीवर येऊन बसतं.

हाताला गाठ लागली तर घाई नको. गाठीच्या मुळाशी, कातडीच्या अगदी लगत, अंगठा आणि तर्जनीने केस घट्ट पकडा म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर गाठीत चोळा. मग बोटांनीच गाठ कडेकडेने, टोकाकडून मुळाकडे उकलायला लागा. फणीचा एक कोपरा घालून थोडे थोडे केस सोडवा. वाटाण्याएवढी गाठ पाच मिनिटांत सुटते. सुपारीएवढी झाली की बहुधा सुटत नाही, आणि ओढून सोडवण्यात मांजराचा छळच होतो. जटा असताना अंघोळ घालायची नाही. पाण्याने गुंता आणखी आवळतो. आधी गुंता काढायचा, मगच पाणी. आपल्याकडे केसांच्या गुंत्यावर पहिला उपाय म्हणून खोबरेल तेल सुचतं. मांजराला ते लावू नका: केस चिकट होतात, धूळ धरतात, आणि मांजर ते सगळं चाटून पोटात घालतं. अंगाला लावायच्या टाल्कम पावडरीचंही तसंच, ती नाकातोंडात जाते. पिसवांसाठी कुत्र्यांची पावडर किंवा औषध तर चुकूनही नको. त्यांतल्या पुष्कळांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी आहे आणि त्याने मांजरं दगावतात.

कात्रीबद्दल स्पष्टच सांगतो. जटेखालची सैल कातडी जटेबरोबर वर ओढली जाते आणि केसांत लपलेली असल्यामुळे दिसत नाही. कात्रीचं एक पातं जटेखाली सरकवलं की बहुतेक वेळा त्या दोन पात्यांत केसांबरोबर कातडीही येते. जखम लांबलचक होते आणि टाके पडतात. बोथट टोकाची कात्री वापरली तरी धोका तोच. "ताई, जट राहू द्या, तशीच घेऊन या, पण कात्री लावू नका," हे वाक्य पशुवैद्य फोनवर किती वेळा सांगत असतील, याला गणती नाही.

मग मशीन कधी? जटा कातडीला चिकटून सलग पापुद्रा झाला असेल, तर मशीनच. तिथे दयेपोटी फणी घेऊन बसणं म्हणजे तासन्‌तास वेदना देणं. जखम, नायटा किंवा त्वचेचा दुसरा रोग असेल आणि औषध कातडीवर लावायचं असेल, तर तेवढ्या भागापुरतं मशीन. जुलाब होत असतील, शेपटीखालचे केस सतत खराब होत असतील, तर तिथले आणि मागच्या पायांच्या झालरीचे केस आखूड ठेवावेत. यात काही तोटा नाही. पोटावरचे केस आखूड केल्याने मांजर गार फरशीवर पोट टेकून पडू शकतं आणि जटाही कमी होतात, त्यामुळे चपट्या चेहऱ्याच्या मांजराला कडक उन्हाळ्यात एवढी सवलत द्यायला माझी हरकत नाही. म्हातारं मांजर फणी सहन करत नसेल, किंवा घरातलं माणूसच आजारी, वयस्कर असेल आणि रोज विंचरणं शक्य नसेल, तर दर काही महिन्यांनी सगळे केस आखूड करून घेणं हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग ठरतो. अंग भादरून मानेवर आयाळ, पायांत मोजे आणि शेपटीला गोंडा ठेवायची 'लायन कट' ही तऱ्हा मुळात अशा अडचणीतल्या मांजरांसाठी सोयीची आहे. फोटोसाठी ती करू नये. आणि करायचीच असेल तेव्हाही केस मुळापासून न काढता बोटाच्या पेराएवढे राखता येतात का ते विचारा. कातडीला तेवढं छत्र पुरतं.

जटा फार असतील आणि मांजर हात लावू देत नसेल तर ते काम दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गुंगीचं औषध देऊन करतात. इथे पर्शियनच्या मालकाला दोन गोष्टी माहीत हव्यात. या जातीत मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग मोठ्या प्रमाणात आढळतो; जगभरातल्या पर्शियन मांजरांपैकी सुमारे 38 टक्क्यांत तो असल्याचं सांगितलं जातं. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकारही त्यांच्यात दिसतो. म्हणून गुंगी देण्याआधी तपासणी, आणि वय जास्त असेल तर रक्ताची चाचणी, याचा आग्रह आपणच धरावा. ग्रूमरने घरी येऊन स्वतःच गुंगीची गोळी देतो म्हटलं तर त्याला नम्रपणे नकार द्या. गुंगी देण्याचं काम पशुवैद्याचं आहे.

इतकी वर्षं स्वतःची निगा नीट राखणाऱ्या मांजराला अचानक जटा व्हायला लागल्या, तर ते आळशी झालं आहे असं समजू नका. पाठीच्या मागच्या भागापर्यंत वळायला सांधे दुखत असतील. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे पाहिलेल्या 2002 सालच्या एका अभ्यासात नव्वद मांजरांना सांध्यांची झीज आढळली होती. दात दुखत असतील, वजन वाढलं असेल, मूत्रपिंडं थकली असतील. अशा वेळी चाटणं सगळ्यात आधी सुटतं. म्हणून जट काढून घ्यायला दवाखान्यात न्याल तेव्हा ती का झाली, हेही डॉक्टरांना विचारा. रोज फणी फिरवणाऱ्याच्या हाताला नवी गाठ, सूज, जखम, घटलेलं वजन या गोष्टी इतरांच्या कितीतरी आधी कळतात, आणि मला विचाराल तर फणीचा हा उपयोग केसांच्या उपयोगाइतकाच मोठा आहे.

पर्शियन पिल्लू घ्यायचा विचार करत असाल तर किमतीची चौकशी करण्याआधी घरात एकदा बसून ठरवा, की पुढची बारा-पंधरा वर्षं रोज दहा मिनिटं फणी कोण फिरवणार आहे. परीक्षा असो, लग्न असो, गणपती असोत, ती दहा मिनिटं निघणार असतील तर जरूर आणा. निघणार नसतील तर आपल्याच इमारतीच्या आवारात, आपल्याच गल्लीत आखूड केसांची देशी पिल्लं घराच्या शोधात आहेत. त्यांची जीभ त्यांच्या केसांना पुरते. त्यांतलं एखादं घरी न्या.